पट कसा राखावा: खानदेशातल्या नव्या गुरुजींसाठी प्राथमिक धडे

पवित्र पोर्टलवर निवड झाली, कागदपत्रांची पडताळणी झाली आणि जळगाव किंवा धुळे जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा आदेश हाती पडला, त्याबद्दल अभिनंदन. तुम्ही आता शिक्षणसेवक आहात. २००० साली हे पद निघालं तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार रुपये मानधन होतं, २०२३ पासून सोळा हजार आहे. तीन वर्षांनी तुम्ही शिक्षक व्हाल. तोवर वर्ग मात्र पूर्ण शिक्षकाएवढाच घ्यायचा आहे.

डीएडला पाठ टाचण काढायला शिकला असाल. ती वही जपून ठेवा, तपासणीला लागते. इथला पहिला विषय मात्र पट.

पट

पोळा कधी, घटस्थापना कधी, हे विसरलात तरी गाव सांभाळून घेईल. ३० सप्टेंबर विसरू नका. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते आणि शाळेला किती गुरुजी हे त्यावर ठरतं. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा, हे शिक्षण हक्क कायद्याचं गणित. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने ते आणखी महाग केलं. म्हणजे एखाद्या आईने लेकराला मामाच्या गावी धाडलं तर एक गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाच्या यादीत जाऊ शकतो. तेव्हा गावातल्या आयांशी बोलणं ठेवा. कोण बाळंतपणाला माहेरी आली, कोणाचं घर सुरतेला हललं, कोण इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीची चौकशी करतंय, हे तुम्हाला आशाताईंच्या आधी कळलं पाहिजे.

खानदेशात या तारखेची एक खुबी आहे. सप्टेंबरअखेर मुलं गावातच असतात. दसरा झाला की कापूस वेचणीला जोर येतो. दिवाळीच्या आगेमागे चाळीसगावकडचे तांडे ऊसतोडीला निघतात, साक्रीच्या पाड्यांवरची बिऱ्हाडं गुजरातेत जातात. पट मोजून होतो आणि मग वर्ग रिकामा होतो. तारीख ठरवणाऱ्याला हंगाम ठाऊक असावा असं मला कधी वाटलं नाही. ठाऊक असेल, तर तो फारच हुशार माणूस म्हणायचा. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. मंजुरी येते तेव्हा पुष्कळदा निम्मी बिऱ्हाडं गेलेली असतात, पण प्रस्ताव पाठवल्याची पोच दप्तरी राहते.

मूल वर्गात बसलंय एवढ्याने ते मोजलं जाईल अशा भ्रमात राहू नका. आधार जुळलं पाहिजे. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यात हे फार होतं. हजेरीपटावर पोर ‘पावरा’, आधारवर ‘बारेला’, जन्मतारीख दोन्हीकडे १ जून पण साल वेगळं. असं पोर रोज येतं, पाढे म्हणतं, खिचडी खातं आणि संचमान्यतेत सापडत नाही. त्याच्या बापाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जा. त्या दिवशी शाळेत एकच गुरुजी उरतो. चार वर्ग एकत्र बसवायची सवय त्याला असतेच.

पट वीसच्या खाली गेला तर पुढचा धडा वेगळा. २०२३ साली राज्यात अशा १४,७८३ शाळा निघाल्या आणि त्यांच्या ‘समूह शाळा’ करायच्या ठरल्या. नमुना म्हणून आपल्या शेजारच्या नंदुरबारातलं तोरणमाळ दाखवलं गेलं. तोरणमाळला निवासी शाळा उभी राहिली, कारण डोंगरातल्या पाड्यांवरच्या पोरांना दुसरी सोय नव्हती. तो तोडगा सपाटीवरच्या वाडीला लावला की सहा वर्षांच्या आंडेरने, म्हणजे पोरीने, रोज गाडीने परगावी जायचं असा अर्थ होतो. गाडी कोण देणार हे बैठकीत विचारू नका. इतिवृत्तात तुमचं नाव येईल, गाडी येणार नाही.

पुढे ५ सप्टेंबर २०२४ला, म्हणजे शिक्षक दिनीच, या छोट्या शाळांतल्या दोनांपैकी एक गुरुजी सेवानिवृत्त किंवा कंत्राटी असावा असा निर्णय निघाला. त्याच महिन्यात गुरुजी मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरले, पटाची अट विसाची दहा झाली, आणि काही महिन्यांत तो निर्णयच रद्द झाला. यातून नवशिक्याने शिकायची युक्ती अशी: शासन निर्णय आला की तो छापून फाईलला लावा आणि पंधरा दिवस काही करू नका. पुष्कळ काम आपोआप वाचतं.

गणवेश, अंडी, केळी

पंधरा दिवस थांबण्याची युक्ती गणवेशाला चालत नाही, कारण मूल उघडं ठेवता येत नाही. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गावच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. २०२४-२५ला ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापड वरून, शिलाई बचतगटांकडे. पंधरा ऑगस्ट आला नि गेला, कपडे वाटेतच. आले तेव्हा कोणाच्या बाह्या कोपराखाली, कोणाची चड्डी गुडघ्यावर. डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा समितीकडे सोपवलं. शिंप्याचा पत्ता फेकला नसेल तर उत्तम.

पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ला आठवड्याला एक अंडं आलं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. रावेर-यावलच्या गुरुजींनी हा आदेश वाचून मान डोलावली असणार. शाळेच्या कुंपणापलीकडे घड लटकलेले, बाजारात भाव पडलेला, आणि केळ्याचा निधी मुंबईहून. जानेवारी २०२५ला निधी थांबला, अंडी लोकसहभागातून द्या असं कळलं. लोकसहभाग म्हणजे तुम्ही सरपंचांकडे जायचं. सरपंच म्हणतील, “काय करी ऱ्हायनात गुरुजी, आते अंडाबी मीच देऊ का?” हसून घ्या, आणि केळीचा एक घड मागा. तो मिळतो.

लोकसहभागाला नावं ठेवू नका, धुळे जिल्ह्यात तर मुळीच नको. तिथे हर्षल विभांडिक या मूळच्या धुळ्याच्या, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तरुणाने गावोगाव सभा घेतल्या, पदरचे पैसे घातले. गावाने वर्गणी काढली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये डिजिटल वर्ग उभे राहिले. असं काम सरकारी योजनेतून इतक्या लवकर झालेलं मी पाहिलेलं नाही. गावाने पडदा दिला, संगणक दिला. वीजबिल सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भरायचं. सादिल कधी येतं हे मुख्याध्यापकांना विचारा, पण जेवणाच्या आधी विचारू नका.

ऊन

शाळा कधी उघडायची हे तापमापक ठरवत नाही, महसुली नकाशा ठरवतो. २०२५ला राज्यात शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात उन्हामुळे २३ला. मलकापूर विदर्भात, मुक्ताईनगर खानदेशात, मधे फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. सूर्याला अजून ती हद्द दाखवायची राहिली आहे. भुसावळचा पारा राज्यात वरच्या नंबरांत असतो, तरी आमचं ऊन पुण्या-कोल्हापुराबरोबर मोजलं जातं. त्याच वर्षी वार्षिक परीक्षाही २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. परीक्षेच्या दिवशी माठ भरून ठेवा आणि पत्र्याचा वर्ग टाळा.

सुट्टीचा विचार सरकार करत नाही असं मात्र म्हणू नका. २०२४ला नाशिक शिक्षक मतदारसंघाची निवडणूक १० जूनला जाहीर झाली होती. नाशिक, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून हा मतदारसंघ. शिक्षक सुट्टीवर गावी आहेत हे ध्यानात आल्यावर मतदान २६ जूनला नेलं. या निवडणुकीच्या हंगामात पैठण्या आणि सफारीचं कापड वाटल्याच्या चर्चा रंगतात. तुम्ही त्या नुसत्या ऐकायच्या. मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असतं, प्राथमिकच्या गुरुजींना नाही. मतपेटी वाहून नेण्याचं काम तेवढं तुम्हाला मिळू शकतं; निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही तीन कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच तुमच्याकडे ठेवली आहेत. चौथं, पाचवं, सहावं काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं, ‘तातडीचे’ असा मथळा लावून.

भाषा

१६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदी आली, २९ जूनला गेली. मधल्या काळात मुंबईत जे रण पेटलं त्यात मराठी ही पोराची घरची भाषा, हे सगळ्यांनीच धरून चाललं होतं. सातपुड्यातल्या पाड्यावर पहिलीच्या वर्गात पावरी बोलणारं पोर मराठीच परकी म्हणून शिकतं. खाली तापीकाठी घरात अहिराणी. तिसरी भाषा कोणती, या प्रश्नाचं उत्तर इथल्या गुरुजीला आधीच ठाऊक होतं: पुस्तकातली मराठी. त्याला कोणी विचारलं नाही.

अमळनेरला नेमणूक झाली तर २४ डिसेंबरला साने गुरुजींवर भाषण करावं लागेल. प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून १९३० साली ते सत्याग्रहात गेले, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. स्वतः करून पाहू नका. वर्तणुकीचे नियम आहेत.

शेवटचा धडा: तुमची परीक्षा

तुम्ही टीईटी पास होऊनच आलात, तेव्हा हा धडा शेजारच्या वर्गावरच्या सरांसाठी. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या आणि टीईटी न झालेल्या शिक्षकाला दोन वर्षांत ती पास व्हावी लागणार आहे. सरांचं वय पन्नाशीला टेकलेलं, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आता केंद्रप्रमुख. त्यांना मधल्या सुट्टीत सराव प्रश्नसंच काढून द्या. दीडशे गुण, पास व्हायला साठ टक्के, राखीव प्रवर्गाला पंचावन्न, त्यातले तीस गुण बालमानसशास्त्राला. मूल कसं शिकतं, या प्रश्नाला चार पर्याय असतात. सरांना पाचवा ठाऊक असतो. त्यांना बजावून सांगा की तो लिहायचा नाही, चारांतला एकच गोल काळा करायचा.