ला गार्डियांचं काय चुकलं?

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी जानेवारी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी घातली. हा जुगार आहे, शाळकरी पोरांचे खाऊचे पैसे हे यंत्र गिळतं, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी दुकानांतून यंत्रं उचलून आणली आणि महापौरांनी घण हातात घेऊन, फोटोवाले समोर आहेत ना याची खात्री करून, ती फोडली. (फोटोच्या वेळेला अवजार उचलण्याची विद्या आपले पुढारी उगाच स्वतःची समजतात.) त्या काळापुरतं बोलायचं तर महापौरांचं फारसं चुकत नव्हतं. गोळी परत वर फटकावणारे फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. त्याआधी दांडा ओढायचा, गोळी सोडायची, यंत्राला कुल्ल्याने धक्का द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच खेळाडूच्या हाती असे.

बंदी चौतीस वर्षं टिकली. एप्रिल १९७६ मध्ये यंत्रवाल्यांनी रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाला नगर परिषदेपुढे साक्षीला उभं केलं. हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे हे त्याने तिथेच खेळून दाखवायचं होतं. त्याने मुख्य यंत्राकडे हात नेला तोच एका सदस्याला संशय आला. हे नको, ते दुसरं राखीव आणलंय ना, त्यावर खेळा! शार्प त्यावरही खेळला. समोरच्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मग त्याने जाहीर केलं, आता दांडा सोडतो, गोळी वरच्या मधल्या गाळ्यातूनच जाईल. गेली. बंदी उठली. त्या फटक्याला नशिबाचीही साथ होती, हे पुढे शार्पनेच मोकळेपणाने सांगून टाकलं, पण तोवर ठराव झाला होता.

पिनबॉल खेळणं हे कौशल्य, असं रीतसर ठरलं. पिनबॉल विकत घेणं काय आहे, हे मात्र त्या सभेत कुणी विचारलं नाही. महापौर आज असते तर घण घेऊन खेळाच्या नाही, खरेदीच्या बटणाकडे वळले असते.

उदाहरणादाखल ‘मेडिएव्हल मॅडनेस’ घ्या. विल्यम्स कंपनीचं १९९७ सालचं यंत्र. मधोमध एक किल्ला, समोर उचलता पूल. पुलावर गोळी आपटत राहायचं, पूल खाली येतो. मग आतल्या दरवाजावर आपटायचं. दरवाजा फुटला की पुढच्या फटक्याला बुरुज हादरतात आणि किल्ला ढासळतो. मध्येच टेबलातून दोन राक्षस मुंडकी वर काढतात, त्यांनाही गोळीने हाणायचं. खरं यंत्र घरी आणायचं तर काही लाख रुपये हवेत आणि समजूतदार बायको हवी. म्हणून सामान्य भक्ताने तोच किल्ला पडद्यावर घेतला, कॅलिफोर्नियाच्या फारसाइट कंपनीच्या ‘पिनबॉल आर्केड’मध्ये. ३० जून २०१८ रोजी फारसाइटचा विल्यम्सबरोबरचा करार संपला आणि ही सगळी जुनी टेबलं विक्रीतून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात किल्ला हंगेरीत उगवला, बुडापेस्टच्या झेन स्टुडिओजकडे, ‘पिनबॉल एफएक्स ३’ या खेळात. भक्ताने परत घेतला. मग झेनने नवा ‘पिनबॉल एफएक्स’ काढला, त्यात जुनी खरेदी चालेना. परत घ्या. गड एकच, स्वाऱ्या तीन, आणि तिन्ही वेळा खंडणी भरली ती स्वारी करणाऱ्यानेच.

फारसाइटच्या भक्तांनी तर ताटाच्या आधी वाढप्याचे पैसे दिले होते. ‘ट्वायलाइट झोन’सारख्या टेबलांचे हक्क महाग, म्हणून २०१२ पासून कंपनीने किकस्टार्टरवर झोळी फिरवली आणि खेळाडूंनी ती भरली. ज्यांनी ती टेबलं घेतली होती त्यांना ती खेळता येत राहिली, हे सांगायलाच हवं. पण वर्गणी काढून बांधलेलं देऊळ सहा वर्षांत दर्शनाला बंद झालं, आणि गाभाऱ्यातली मूर्ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या पुजाऱ्याकडे, नव्या दक्षिणेवर दर्शन देऊ लागली. हक्कांचा हा धंदा पुढे विल्यम्समध्ये सांभाळणाऱ्यांत एक नाव होतं रॉजर शार्प. कौशल्य सिद्ध करणारा माणूस योग्य खात्यात गेला, एवढंच म्हणू.

झेनवाले अगदीच वाईट नाहीत. २०१७ मध्ये ‘एफएक्स २’मधून ‘एफएक्स ३’मध्ये जाताना त्यांनी बहुतेक जुनी टेबलं फुकट नेऊ दिली होती. हीच त्यांची घोडचूक. गिऱ्हाइकाला एकदा चांगुलपणाची चटक लागली की पुढच्या वेळी तो हक्क म्हणून मागतो. नव्या खेळासाठी टेबलं अनरिअल इंजिनवर नव्याने बांधावी लागली, हे खरंच आहे, आणि ते काम फुकट होत नाही, हेही खरं. माझ्या मते भांडण पैशांचं नाहीच. टेबल किती वर्षं जगेल हे विकताना कुणी सांगत नाही, याचं आहे. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. वर आता पासही आहे: ठरावीक रक्कम भरा, टेबलं खेळा, भरणं थांबवा, टेबलं विसरा. त्यात निदान फसवणूक नाही, भाडं हे भाडंच असतं.

खेळाडूही काही साधुसंत नाहीत. पोलादी गोळीचं वजन असतं सुमारे ऐंशी ग्रॅम. ती आयुष्यात कधी हातात न घेतलेला मनुष्यसुद्धा पडद्याकडे बघून सांगतो, गोळी हलकी वाटतेय, तरंगतेय. काहींनी घरी आडवा टीव्ही बसवून लाकडी कॅबिनेट केलं आणि खेळ त्यावर नीट दिसावा म्हणून हट्ट धरला. झेनने सोय दिली, पण अट घातली: तुमच्याकडे कॅबिनेट खरोखर आहे याचा फोटो मेलने पाठवा, मग संकेतांक मिळेल. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा हा कॅबिनेटच्या हयातीचा दाखला. माणसं फोटो काढून पाठवत होती, आणि त्याच हाताने तक्रारीही लिहीत होती.

खऱ्या यंत्रांच्या जगात हाच खेळ जास्त शून्यांनी चालतो. शिकागोजवळची स्टर्न कंपनी एकच यंत्र प्रो, प्रीमियम आणि मर्यादित आवृत्ती अशा तीन इयत्तांत विकते. वरची इयत्ता हजारो डॉलरने महाग, आणि ती बघता बघता संपते. यंत्राच्या डोक्यावर ठेवायचा शोभेचा तुरा वेगळा, किंमत हजार डॉलरच्या घरात. आतला प्रोग्राम मात्र पुष्कळदा अर्धवट येतो, आवृत्ती शून्य पूर्णांक काहीतरी. उरलेले नियम, उरलेले आवाज, शेवटची लढाई, हे सावकाश, जमेल तसं. खेळाडू चिडतात, हे शेवटचं म्हणतात, आणि पुढच्या यंत्राची घोषणा झाली की वितरकाला पहिला फोन त्यांचाच. कंपनीला बाजाराचा अभ्यास करायला वेगळा माणूस नेमायची गरज काय?

मिशिगनमधल्या स्किट-बी नावाच्या छोट्या कंपनीने तर कमाल केली. ‘प्रिडेटर’ सिनेमावर अडीचशे यंत्रांची घोषणा, आगाऊ रकमा जमा, वर्षानुवर्षं वाट. २०१५ मध्ये उघड झालं की सिनेमाचे हक्क कंपनीकडे नव्हतेच. सिनेमातला तो परग्रहावरचा शिकारी अदृश्य होतो. यंत्रही झालं, रकमाही झाल्या.

या सगळ्या गोंधळात पूर्ण समाधानी असा पिनबॉलवाल्यांचा एकच समाज मला माहीत आहे, आणि तो आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत व बँकांत होता. विंडोज एक्सपीबरोबर ‘स्पेस कॅडेट’ फुकट यायचं. मूळ खेळ १९९५ चा, टेक्सासमधल्या सिनेमाट्रॉनिक्सचा. जेवणाच्या सुट्टीत, आणि सुट्टीच्या दोन्ही बाजूंना, कळफलकावरचे झेड आणि स्लॅश झिजेपर्यंत तो चालला. गोळी सोडण्याआधी ‘हिडन टेस्ट’ असं टंकलं की ती माउसने धरून कुठेही नेता येते, ही गुप्तविद्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फायलींपेक्षा वेगाने जात असे. विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा खेळ गायब झाला. ६४-बिटच्या संगणकावर त्यातली गोळी कशालाच न आपटता सगळ्यातून भुतासारखी आरपार जायची, आणि ही चूक मायक्रोसॉफ्टच्या माणसांना सापडेना, म्हणून त्यांनी तो काढूनच टाकला. कुणी निषेध केला नाही, निवेदन दिलं नाही. मंडळी मुकाट सॉलिटेअरकडे वळली. आता सॉलिटेअरमध्येही जाहिराती लागतात, आणि त्या नको असतील तर दरमहा वर्गणी आहे.