एकास चाळीस

जहाज लहान करणं अवघड नाही. फूटपट्टी, आलेखाचा कागद आणि भागाकार एवढं जमलं की विक्रांतसुद्धा जेवणाच्या टेबलावर मावते. अडचण त्यानंतर सुरू होते. पाणी, वारा, बदकं, तळ्याकाठचे लोक आणि दुकानदाराचं बिल, यांतलं काहीही आपल्या जहाजाबरोबर लहान व्हायला तयार नसतं.

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या बोटी घरी बांधून तळ्यात सोडणाऱ्या प्रौढ, विवाहित, आयकर भरणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. सुरुवातीला मला 'ट्रिंकोमाली' बांधायची होती. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानात बांधलेली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला निघाले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. ते जहाजच डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकनांशी लढताना खलास झालं आणि नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. जिचे कागदच आधी समुद्रात गेले ती पुढे दोनशे वर्षं बुडायचं नाव घेत नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

आमच्या सोसायटीत माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना मी हा बेत सांगितला.

"तीन डोलकाठ्या, वर ढीगभर शिडं," काका म्हणाले. "आणि वारा? तो काय तुझं जहाज बघून चाळीस पट हळू वाहणार आहे? पहिल्या झुळकीला आडवी होईल. मग तळाला शिशाची खोटी कील लाव. म्हणजे वर इतिहास आणि खाली भलतंच काहीतरी. टग कर."

"टग?"

"टग. रुंद पोट, कितीही वजन घाल, हूं की चूं करत नाही. सावकाश जातो. आणि त्याला कोणी हसत नाही, कारण त्याच्याकडे कोणी बघतच नाही."

मोठ्या जहाजांना बंदरात ढकलत-ओढत जागेवर लावणारा, बुटका, अंगभर टायर बांधलेला गडी म्हणजे टग. आरमाराचं स्वप्न घेऊन गेलेला मी हमालाचं चित्र घेऊन परत आलो. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेबही मांडून दिला होता. खरा टग तीस मीटरचा. प्रमाण एकास चाळीस. लांबी आली पंचाहत्तर सेंटिमीटर. पण वजनाला चाळीसने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, खोली तिन्ही चाळीसने घटतात, म्हणून भागायचं चाळीसच्या घनाने, म्हणजे ६४,०००ने. चारशे टनांचा टग सव्वासहा किलोवर येतो.

माझी बायको हिशेबतपासनीस आहे. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "लांबी चाळीसने भागली, वजन चौसष्ट हजाराने भागलं. खर्च कशाने भागलाय?"

मी हा प्रश्न काकांकडे नेला. "ते नौकाशास्त्रात दिलेलं नाही," काका म्हणाले.

या भागाकाराचं घराणं मात्र मोठं आहे. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने ब्रिटिश आरमाराकडून दोन हजार पौंड मिळवून १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्कीला आपल्या घराजवळ एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात पॅराफिन मेणाच्या छोट्या बोटी ओढल्या. त्याआधीच त्याने दाखवून दिलं होतं की बोट लहान केली की वेग प्रमाणाच्या वर्गमूळाने घटवावा लागतो. तरच तिच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या उठतात. चाळीसचं वर्गमूळ सहाच्या थोडं वर. खरा टग बारा नॉटने, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरने जात असेल, तर माझ्या टगने ताशी साडेतीन किलोमीटरने जायचं. सारसबागेत सकाळी फिरणारी ज्येष्ठ मंडळी याहून जोरात जातात.

बरं, हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. आमच्या खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. संस्थेची मुळं १९१६पर्यंत जातात. तिथे अख्खी बंदरं लहान करून मांडतात, त्यात भरती-ओहोटी आणतात, लाटा सोडतात. तिथल्या माणसांना शास्त्रज्ञ म्हणतात आणि निवृत्तिवेतन देतात. तेच काम बाल्कनीत केलं की घरचे पाहुण्यांना सांगतात, "नाही, तब्येत बरी आहे त्याची, हे आपलं असंच."

बांधकामाबद्दल फार सांगत नाही. प्लायवूडच्या फासळ्या, त्यांवर पातळ पट्ट्या, सांध्यांत एपॉक्सी, आतून फायबरग्लासचं कापड, बाहेरून पुट्टी. पुट्टी घासायची, परत लावायची, परत घासायची. घरात पिठी साखर कुठली आणि पुट्टीची भुकटी कुठली हे काही महिने फक्त मुंग्यांना कळत होतं. कड्याला बांधायचे टायर भाच्याच्या खेळण्यातल्या मोटारींचे निघाले. त्या मोटारी अजून आमच्या शोकेसमध्ये बिनचाकाच्या उभ्या आहेत आणि भाचा आला की आम्ही शोकेसला पडदा लावतो.

सांगण्यासारखी गोष्ट आहे ती भोकाची. पाण्याचा एक थेंब आत येऊ नये म्हणून ज्या बोटीला तुम्ही महिनोन्‌महिने लिंपता, तिच्याच तळाला, पाण्याच्या रेषेच्या खाली, स्वतःच्या हाताने भोक पाडावं लागतं. मोटर आत, पंखा बाहेर. मधला दांडा कुठून तरी जाणारच. त्या भोकात पितळी नळी बसवायची, नळीत दांडा, आणि दोघांच्या मधल्या फटीत ग्रीस ठासायचं. लाखभर टनांच्या जहाजांनाही भोक असतंच, फक्त त्यांचा बंदोबस्त जरा बड्या घरचा असतो. काका ड्रिल घेऊन आले तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेलो. बायको म्हणाली, "बाळाचे कान टोचतानाही असाच पळाला होतास."

नळी आणली बोहरी आळीतून. तिथल्या दुकानदारांना गिऱ्हाइकाला काय हवंय यापेक्षा ते कशाला हवंय यात जास्त रस असतो.

"आठची पितळी नळी? कशाला?"

"बोटीसाठी."

"समुद्र कुठाय?"

"तळ्यात चालवणार."

"मग पीव्हीसी न्या की. तळ्याला पितळ कशाला?"

वायरी, स्विच आणि मोटर सावकाश-जोरात करणारं यंत्र तपकीर गल्लीत मिळालं. शिसं मिळालं गाडीची चाकं बॅलन्स करणाऱ्याकडे. हे शिसं फार महत्त्वाचं. लाकूड, मोटर, बॅटरी सगळं धरूनही टग साडेचार किलोच भरला होता आणि लाल रंगाची पट्टी पाण्याच्या बरीच वर दिसत होती. राहिलेलं वजन शिशाने भरून काढायचं, तेही अगदी तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखं. नाही तर टग एका खांद्यावर पिशवी घेतल्यासारखा चालतो.

ही तपासणी इंग्लंडात बाथटबमध्ये होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाथटब नसतो, पिंप असतं. पाऊण मीटरची बोट पिंपात फक्त उभी मावते, आणि ती अवस्था बोटीच्या आयुष्यात शेवटी येते. शेवटी शेजारच्या छोट्या मुलीचा हवा भरायचा पूल मागून आणला, पार्किंगमध्ये मांडला, पाईप लावला. पाण्याच्या आवाजाने सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले.

"आपण टँकर मागवतोय आणि तुम्ही खेळताय?"

"पाणी वापरत नाहीये साहेब, नुसतं त्याच्यावर ठेवतोय."

"पण बाहेर सांडतंय ना!"

"बोट स्वतःच्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारते. सव्वासहा लिटर. ते कुंड्यांना घालू."

सेक्रेटरींनी ते लिहून घेतलं. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यवृत्तात 'पार्किंगमधील जहाज : चर्चा' असा विषय मी स्वतः वाचला आहे.

मग तळं. आमच्या तळ्यावर फलक आहे: पोहणे, कपडे धुणे, वाहने धुणे, निर्माल्य टाकणे यांस सक्त मनाई. टगबद्दल फलक गप्प आहे. मी पायरीवर बसलो, वाकलो, टग दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडला. मागे काहीतरी हालचाल झाली म्हणून वळून पाहिलं तर चारपाच जणांनी चपला काढल्या होत्या. पाण्यावर वाकून दोन्ही हातांनी काही सोडणारा माणूस दिसला की आपल्याकडे बाकीचं आपोआप होतं. एका आजींनी हातही जोडले. टग पंधरावीस फूट गेला, वळला आणि परत आला तेव्हा मात्र त्या दोन पायऱ्या मागे सरल्या.

मग प्रश्न. पहिला अर्थातच, "केवढ्याला पडली?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" तिसरा प्रश्न एका गृहस्थांनी माझी टोपी, गळ्यातला रिमोट आणि पाण्यातलं यंत्र नीट न्याहाळून विचारला, "साहेब, ही जलपर्णी कधी काढणार?" मी खात्याचा माणूस नाही हे मी सांगितलं. ते म्हणाले, "सगळे असंच सांगतात." आणि तक्रार लिहून द्यायला कागद मागितला.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट पहिल्यांदा लोकांसमोर आणली, तेव्हा तिथल्या लोकांनीही तर्क लढवले होते. कोणी म्हणालं जादू, कोणी म्हणालं आत शिकवलेलं माकड बसवलंय. प्रेक्षकांतून कोणी चौसष्टचं घनमूळ विचारलं आणि बोटीवरचे दिवे चार वेळा लुकलुकले, असंही सांगतात. माझा टग चौसष्ट हजाराचं घनमूळ अंगावर घेऊन फिरतो, पण ते आजवर कोणी विचारलेलं नाही. माकडाचा संशय मात्र एका छोट्या मुलाने घेतला. तो बोटीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

त्याला कारण होतं. बोट आपल्यापासून लांब जात असते तोवर सगळं सरळ असतं: डावी कळ, डावीकडे बोट. ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की तिचं डावं आपलं उजवं होतं आणि हात गोंधळतात. यावर काकांनी शिकवलेला उपाय असा की आपणच तळ्याकडे पाठ करायची आणि खांद्यावरून मागे बघत बोट आणायची, म्हणजे दोघांची तोंडं एकाच दिशेला होतात. उपाय अचूक आहे. फक्त ज्या बाकाकडे आपलं तोंड होतं त्यावर कॉलेजची जोडपी बसलेली असतात आणि ती उठून जातात.

पाण्याचं तर विचारूच नका. वाऱ्याने उठलेली चार बोटं उंचीची लहर आपल्याला दिसतसुद्धा नाही. टगच्या मापाने ती तीन मीटरची लाट असते. दोन फुटी बदक चोवीस मीटरचं होतं. एकदा तसलं एक बदक टगच्या नाळेसमोर आलं आणि थांबलं. समुद्रातले नियम सांगतात की समोरासमोर आलेल्या दोन जहाजांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. टग वळला. बदक डावीकडे वळलं, म्हणजे परत समोर. जलपर्णीबद्दल मी बोलणार नाही. तिची मुळं पंख्याला गुंडाळली की मोटर तापते, टग थांबतो आणि मालक चप्पल काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो, एवढंच.

गेल्या पावसाळ्यानंतर तळ्यावर एक लाल बोट दिसू लागली. सहावीतला मुलगा आणि त्याचे आजोबा. खोक्यावर ताशी चाळीस किलोमीटर लिहिलेलं, आवाज असा की बगळे उडून शेजारच्या तळ्यावर जात. ती टगच्या भोवती दोन फेऱ्या मारायची आणि मुलगा ओरडायचा, "काका, तुमची चालू आहे का?" एका रविवारी ती तळ्याच्या मधोमध गेली आणि बॅटरी संपून गप्प झाली. वारा नव्हता. मुलाचा चेहरा रडवेला झाला. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या त्याला सांगा ना."

टग निघाला. ताशी साडेतीन किलोमीटर. काठावर गर्दी जमली, कोणीतरी म्हणालं, "जेसीबी आला!" टगने लाल बोटीला मागून नाक लावलं, भाच्याच्या मोटारींचे टायर कामी आले, आणि वरात सावकाश काठाला लागली. टाळ्या पडल्या.

मी आजोबांना म्हटलं, "समुद्राचा कायदा आहे. संकटातलं जहाज वाचवणाऱ्याला वाचवलेल्या मालाच्या किमतीवरून बक्षीस मिळतं. लंडनच्या लॉइड्सचा छापील करारच आहे, शंभराहून जास्त वर्षं चालत आलेला. वाचवलं नाही तर काही नाही, वाचवलं तर मोबदला. मी दोन कणसांवर मिटवायला तयार आहे."

आजोबा विचारात पडले. "टग म्हणजे ओढणारा ना?"

"हो."

"तुम्ही तर ढकलत आणलीत."

"टग ढकलतोसुद्धा."

"शिवाय बोट संकटात नव्हती. बॅटरी संपली होती. बुडणं वेगळं, थांबणं वेगळं. मी बँकेत होतो, मला कर्जाचं बुडणं आणि थांबणं दोन्ही माहीत आहे."

बरीच घासाघीस होऊन एका कणसावर तडजोड झाली, तेही निम्मं निम्मं. कणीसवाल्याने निखाऱ्यावरचं कणीस मधोमध मोडलं आणि विचारलं, "लिंबू-तिखट दोन्हीला लावू?"

"त्यांच्याला लावा," आजोबा म्हणाले. "आमचं तसंच द्या. आणि मोठा तुकडा मुलाला, बोट त्याची आहे."