अवशेष नाहीत, सबब पर्यटन नाही

कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडली आणि मगच तिला खरा भाव आला. गंजलेले मनोरे, सायनाइडच्या मातीच्या टेकड्या, साहेबाचा क्लब. खाणीवरचा सिनेमा गाजल्यापासून तर हौशी पाहुण्यांची रीघच. त्या ‘ओसाड’ गावात आजही माणसं राहतात, पण ती फोटोत मधे येतात. गोंदिया जिल्ह्याच्या नशिबी असलं वैभव नाही. इथले सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू आणि सराफ्याच्या गटारातला गाळ लाकडी पाटीत हलवून धुतात, तळाच्या काळ्या रेतीत पारा चोळतात, तो तापवून उडवतात आणि उरलेला कण सोनाराला विकतात. त्यांनी क्लब बांधला नाही, गोऱ्यांसाठी कबरस्तान आखलं नाही. म्हणजे पर्यटनाच्या हिशेबी काही घडलंच नाही.

कणभर सोन्याचं कौतुक ते काय, असं कुणी म्हणेल. पण कोलारलाही अखेरीस टनामागे जेमतेम तीनेक ग्रॅमच निघत होतं. दुसऱ्याची गरिबी बघायला जाऊ नये, हा आक्षेप मात्र वजनदार. फक्त तो कोलारच्या मजूरवस्तीत शिरताना कुणाला आठवत नाही. राहिला प्रश्न पोहोचण्याचा, तर गोंदियाजवळच्या बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहेच. २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा उडालं. अवशेष होण्याचा तिचा अनुभव सोनझाऱ्यांपेक्षा दांडगा.