उंबरठ्यावरचे सरकार

वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात हात घालू नये, अशी गर्जना ज्या फ्लॉरिडा राज्यातून वेळोवेळी ऐकू येते, त्याच राज्याच्या विधिमंडळाने २०२१ साली आपल्या हद्दीतील यच्चयावत नगरपालिकांना व काउंट्यांना फर्मावले की, घरातून चालणाऱ्या व्यवसायास इतर व्यवसायांहून निराळी बंधने घालण्याचा अथवा निराळा परवाना मागण्याचा अधिकार, कायद्याने राखून ठेवलेल्या काही बाबी वगळता, त्यांना यापुढे राहणार नाही. आणि गव्हर्नर डिसँटिस यांनी या फर्मानावर सही केली. १९६८ च्या राज्यघटनेने नगरांना जी स्वशासनाची सनद दिली, ती कायम आहेच. फक्त विधिमंडळ विरुद्ध कायदा करील त्या दिवशी ती लागू नसते.

नगरपालिकांविषयी कळवळा यावा अशी त्यांची वर्तणूक नव्हती, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. मायामी शोअर्स नामक गावाने २०१३ साली घरासमोरील अंगणात भाजीपाला लावण्यास मनाई करून एका दांपत्यास दररोज ५० डॉलर दंडाचा धाक घातला आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा मळा उपटावयास लावला. अंगणात फुले शोभत होती, फळझाडेही खपत होती. कोबी दृष्टीस पडताच मात्र नगराच्या सौंदर्यास ग्लानी येत असे! अपील न्यायालयानेही गावाचीच बाजू उचलून धरल्यावर, २०१९ साली विधिमंडळाने कायदा करून कोबीची मुक्तता केली.

परंतु जुलमी पाटलास बडतर्फ करणाऱ्या सुभेदाराने चावडीवर स्वतःच बैठक मारावी, तसे पुढे झाले. घरगुती व्यवसायात त्या घरी राहत नसलेले कामगार दोहोंपेक्षा अधिक नसावेत. व्यवसाय नसलेल्या तशाच घरापुढे सामान्यतः जितक्या मोटारी उभ्या राहतील त्याहून अधिकांची गरज पडू नये. रस्त्यावरून पाहणाऱ्यास ते घर आसपासच्या घरांसारखेच दिसावे: हा सारा तपशील आता राजधानी टॅलाहॅसीच्या दरबारात सिद्ध झाला आहे. मोटारींचा हा बारीक हिशेब एखाद्या नगरसेवकाने मांडला असता, तर त्यास क्षुद्र म्हटले गेले असते. राजधानीत मांडला म्हणून ते धोरण ठरले.

नगरपालिकांची जी गत, तीच थेट मतदारांचीही. याच राज्यातील की वेस्ट बेटावरील मतदारांनी २०२० च्या नोव्हेंबरात, १,३०० हून अधिक माणसे वाहणारी पर्यटनजहाजे आपल्या बंदरात नकोत आणि दिवसाकाठी १,५०० हून अधिक उतारू उतरू नयेत, असा स्पष्ट कौल दिला होता. पुढल्याच वर्षी वाहतुकीच्या एका विधेयकात घुसवलेल्या कलमाने विधिमंडळाने तो रद्दबातल केला. मात्र घरच्या चुलीवरील खाद्यपदार्थांच्या वार्षिक विक्रीची मर्यादा त्याच अधिवेशनात ५०,००० डॉलरवरून २,५०,००० वर नेलेली असल्यामुळे, त्या बेटावरील गृहिणीस, नको म्हटलेल्या जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना केक विकण्याची पूर्ण मुभा आहे.