माझं मी करते

खाडीपट्ट्यात लग्नाचा हंगाम नेमका एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणजे खांद्यावरचा रुमालसुद्धा जड वाटतो तेव्हा. त्याला इलाज नाही. मुंबई-सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेली मंडळी याच दिवसांत रजा काढून गावी येतात, पोरांच्या शाळा बंद असतात आणि एकदा सावित्रीच्या खोऱ्यात पाऊस कोसळायला लागला की मांडवाचं नाव काढायची सोय उरत नाही. या दिवसांत तुडीलमध्ये, किंवा महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही वाडीत गेलं तर एक बाई हमखास भेटते. नात्याने ती कुणाची वहिनी, कुणाची मामी असते, पण बाकी सगळ्या गावाची काकी. महाडच्या पार्लरचा विषय निघाला की तिचं एक वाक्य ठरलेलं असतं: "माझं मी करते."

ऐकणाऱ्याला वाटतं, पैसे वाचवते. तसं मुळीच नाही. पार्लरवाली गावात बोलवायची म्हणजे तिची गाडी, तिच्या मदतनीस मुलीचा चहा-नाश्ता आणि 'ब्रायडल पॅकेज' हे सगळं आलंच. पण काकीने आजवर ब्रश-डब्यांवर जे घातलंय त्यात नवरीसकट निम्मं वऱ्हाड पार्लरमधून निघालं असतं. तिचं दुखणं वेगळं आहे. स्वतःच्या लग्नात तिने मुकाट्याने दुसरीच्या हाती तोंड दिलं होतं. अल्बममध्ये नवऱ्याशेजारी जी बाई उभी आहे, तिला काकीच्या सख्ख्या आईने "ही त्यांच्याकडची का?" असं विचारलं होतं. त्या दिवसापासून काकीने आपल्या चेहऱ्याचा कारभार स्वतःकडे घेतला तो घेतलाच.

शिवाय तिच्याकडे दाखले असतात. एप्रिल 2011 मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात केट मिडलटनचं लग्न झालं, तेव्हा नवरीने आपला मेकअप बराचसा स्वतःच केल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. काकीला इंग्लंडच्या राजगादीवर कोण बसलंय हे विचारून उपयोग नाही, पण ही बातमी पाठ आहे. "तिच्या दारात पार्लरवाल्यांची रांग लागली असती. तरी तिने स्वतःचं स्वतः केलं ना?" यावर महाडच्या कुठल्याही पार्लरकडे उत्तर नसतं.

दुसरा दाखला जवळचा, आणि खरं सांगायचं तर जास्त वजनदार. तळकोकणातले दशावतारी. मंडळी रात्री गावात उतरतात, पेट्या उघडतात आणि ज्याने त्याने आपला आरसा पुढ्यात घेऊन आपलं तोंड आपण रंगवायचं, अशी ती रीत. मिशा काढलेला एखादा शेतकरी तासाभरात नऊवारी नेसून, भुवया कोरून असा उभा राहतो की पुढच्या रांगेतल्या बायका आपला पदर सारखा करतात. काकीने माहेरच्या कुणाबरोबर सावंतवाडीकडे एकदा हे पाहिलं. नाटकात त्या रात्री कोणता राक्षस मेला ते तिला आठवत नाही. भुवई कोरताना त्या माणसाने श्वास कसा रोखला होता, ते आठवतं.

तिची सामग्री दिवाळीला नवऱ्याच्या कंपनीतून मिळालेल्या सुक्यामेव्याच्या डब्यात असते. कंपनी महाडच्या एमआयडीसीतली. बदाम केव्हाच संपले, खण कामाला आले. एका खणात लॅक्मेचं काजळ. हा ब्रँड टाटांनी 1952 मध्ये काढला आणि पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे गेला, पण काकीच्या सासूच्या लेखी काजळ अजून टाटांचंच, त्यामुळे त्यात खोट असूच शकत नाही. दुसऱ्या खणात दादरच्या फुटपाथवर घासाघीस करून आणलेले ब्रश. तिसऱ्यात फुटलेला कॉम्पॅक्ट. तो टाकायचा नसतो, चुरा करून डबीत भरायचा असतो. आणि एका कोपऱ्यात आजेसासूची मेणाची डबी.

या मेणाला कुणी हसू नये. पूर्वी बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कुंकू लावायच्या, म्हणजे भर पावसात भाताच्या लावणीला वाकलं तरी ते ओघळत नसे. आज हेच तत्त्व 'प्रायमर' या नावाने बाटलीत येतं आणि बाटलीवर फ्रेंच बाईचा फोटो असतो. आजेसासूला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि मेण फुकट होतं ते?" तिच्या तरुणपणी चैन म्हणजे अफगाण स्नो. पाटणवाला यांनी मुंबईत 1919 मध्ये काढलेलं ते क्रीम खाडीपट्ट्यात चाकरमान्याच्या ट्रंकेतून यायचं आणि डबी रिकामी झाल्यावर तिच्यात नथ ठेवली जायची.

आजी एरवी मेकअपच्या विरोधात नाही, फक्त वस्तूंची तिला ओळख पटत नाही. रिया अ‍ॅन सिल्व्हा या अमेरिकन मेकअप कलाकाराने या शतकाच्या सुरुवातीला अंड्याच्या आकाराचा एक स्पंज काढला. टीव्हीचे कॅमेरे इतके बारकाईने बघायला लागले होते की ब्रशच्या रेघासुद्धा पडद्यावर दिसत. त्या स्पंजची स्वस्तातली गुलाबी भावंडं आता महाडच्या बाजारातही टांगलेली असतात. काकीने तो धुऊन पडवीच्या कठड्यावर वाळत ठेवला होता. आजीने त्याने समई घासली. समई लखलखली, हे कबूल करावं लागेल.

लग्नाच्या दिवशी काकी पहाटे उठते आणि आरसा पडवीतल्या खांबाला टांगते. माजघरातल्या ट्यूबच्या उजेडात केलेलं तोंड मांडवातल्या उन्हात भलतंच दिसतं, हे तिचं पहिलं शास्त्र. दुसरं शास्त्र रंगाचं. फाउंडेशन मनगटावर लावून घ्यायचं नाही, जबड्याच्या कडेला लावून घ्यायचं. नाहीतर चेहरा मुंबईचा आणि मान महाडची राहते. गोरं दिसायच्या हौसेने दोन छटा उजळ डबी घेणाऱ्यांबद्दल तिचं मत कडक आहे. ते ती त्यांच्या तोंडावर सांगते, आणि तेव्हा त्या तोंडाला तिचाच हात लागलेला असल्यामुळे समोरचीला उठून जाता येत नाही.

तिसरं शास्त्र हळदीचं, आणि ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. आदल्या दिवशी नवरीला हळद फासलेली असते. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे नवरीने कितीही तांबे ओतून घेतले तरी कानामागे, हनुवटीखाली आणि केसांच्या कडेला तो बसून राहतो. साबण जोरात चोळला तर खाराने लाल छटा येते. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्याच जातीचा तो प्रकार. असल्या चेहऱ्याला जुळेल अशी छटा कुठल्याच कंपनीने अजून काढलेली नाही. काकी खोबरेल तेलाचा बोळा फिरवते, मग पिठाने पुसून घेते, आणि वेळ असेल तर नवरीला जरा कोवळ्या उन्हात बसवते, कारण हळदीचा डाग उन्हाने फिका पडतो हे धुणं वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. नवरी बिचारी उन्हात बसून पीठ झटकत विचारते, "काकी, पार्लरवाली असंच करते?" काकी तिला तोंड हलवू नको म्हणून सांगते.

मग घाम. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च 2017 मध्ये पारा 46.5 अंशांवर गेला होता आणि देशभरच्या बातम्यांत भिऱ्याचं नाव झळकलं होतं. महाडकरांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यात खाडीकाठची हवा दमट; इथे घाम उडून जात नाही, जागच्या जागी जमतो आणि निघताना वरचा लेप सोबत घेऊन जातो. म्हणून काकी मांडवात सरबतासाठी आणलेल्या लादीतला एक खडा फडक्यात बांधून आधी गालांवर फिरवते, लेप पातळ देते, पावडर घासत नाही तर दाबते. आचारी दरवेळी बर्फाचा हिशेब मागतो. तो त्याला अजून मिळालेला नाही.

एकदा मात्र काकीचं सगळं बरोबर असूनही बिघडलं. साखरपुड्याला तिने उन्हाचं क्रीम लावून वर सगळी रंगरंगोटी केली. समोरून बघणारे छान म्हणाले, फोटोत मात्र सगळ्या घरात एकटी तीच पीठ मळून आल्यासारखी पांढरी. अशा बऱ्याच क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. ते ऊन परतवतं तसा कॅमेऱ्याचा फ्लॅशही परतवतं. हे कळल्यावर तिने क्रीम बंद केलं नाही, फोटोग्राफरला दम दिला. तेव्हापासून तो मांडवात शिरल्यावर आधी काकीचा एक फोटो काढून दाखवतो आणि मगच बाकीच्यांचे काढतो.

तिच्या कौशल्याची हद्द एकाच ठिकाणी लागते, ती मेंदीत. डाव्या हातावर ती स्वतः मोर, कैऱ्या, जाळी असं काय काय उतरवते. उजव्या हाताची पाळी आली की डाव्या हातात कोन धरावा लागतो, आणि मग तोच मोर पहिलीतल्या पोराने काढल्यासारखा होतो. तेव्हा 'माझं मी करते'चा बाणा बाजूला ठेवून ती पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मैत्रिणीकडे जाते. खाडीपट्ट्यात ईदची मेंदी आणि लग्नाची मेंदी यांची अशी देवघेव चालूच असते. मोबदल्यात मैत्रिणीच्या लेकीच्या भुवया काकीकडे.

चंद्रकोर मात्र ती कुणाला काढू देत नाही. टिकलीच्या पाकिटात तयार मिळते, तिच्याकडे ती तुच्छतेने बघते. आगपेटीच्या काडीचं गुल नसलेलं टोक ओल्या कुंकवात बुडवायचं, करंगळी नाकाच्या शेंड्यावर टेकवून हात स्थिर करायचा, आधी खालची कमान एका दमात, मग वरची. दोन्ही टोकं एका उंचीवर आली पाहिजेत. त्या क्षणी पडवीत कुणी शिंकायचं नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, आणि गाडी आली तर आली. या चंद्रकोरीची खरी कसोटी 6 जूनला रायगडावर लागते. राज्याभिषेक सोहळ्याला पाचाडमार्गे नऊवारी नेसलेल्या बायकांची रीघ लागते. पायऱ्या साधारण चौदाशे, आणि आभाळ भरून आलेलं. रोपवे 1996 पासून आहे, पण काकी पायीच चढते. वर पोचेपर्यंत बऱ्याच जणींचं काजळ गालावर उतरलेलं असतं. काकीची कोर जागेवर असते, कारण खाली मेण असतं, आणि हे ती भेटेल त्या प्रत्येकीला सांगत जाते.

या सगळ्यात गोम अशी की लग्नाच्या दिवशी 'माझं मी करते' म्हणणाऱ्या बाईचं स्वतःचंच व्हायचं राहतं. आरसा खांबाला टांगला की पाच मिनिटांत पहिली पुतणी येते, "काकी, फक्त लायनर." मग तिची मैत्रीण, मग मुंबईहून आलेली जाऊ, जिने विरारला क्लास केलाय पण 'इथल्या उजेडात जमत नाही'. मग करवली, करवलीची आई, आणि शेवटी आजी, जिला काही नको असतं, पण बसायला पाट मात्र तिथेच हवा असतो. फुकट आहे म्हणून कुणी कमी मागत नाही, उलट फुकट असल्यामुळे सूचना जास्त. 'नॅचरल कर, पण दिसलं पाहिजे.' 'तिला केलंस तसं कर, पण तिच्यासारखं नको.' बाहेर वऱ्हाडाचा टेम्पो हॉर्न वाजवत असतो, भटजी घड्याळ दाखवत असतात, आणि काकी एका हाताने कुणाच्या अंबाड्यात आकडा खोचत दुसऱ्या हाताने स्वतःच्या ओठांवरून लिपस्टिक फिरवते. उरलेली बोटावरची गालाला. झाला मेकअप.

तेवढ्यात मागच्या दाराने नवरदेवाचे चुलते येतात. हे मोठे करारी गृहस्थ. आदल्याच रात्री मांडवात बसून बायकांच्या रंगरंगोटीवर त्यांनी तासभर भाषण दिलेलं. आता गालावर रुमाल दाबलेला.

"वहिनी, ते जरा... दाढी करताना कापलं. फोटोत दिसेल."

काकी डबा पुन्हा उघडते, जबड्याच्या कडेला छटा लावून बघते.

"आणि हो, मिशीचं एक टोक पांढरं राहिलंय, तिथेही थोडं काजळ—"

"भावोजी," काकी म्हणते, "तोंड हलवू नका."