हवाई अंतराचे काका

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने जास्त की मेडिकलची दुकानं, हा वाद मिटणारा नाही. पण दर दोन गल्ल्यांमागे एक हवाई अंतरवाले काका सापडतात, यावर दुमत नसावं. आमचे काका सिंचन खात्यातून निवृत्त. १९८८ साली भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्दच्या फायली ज्यानं जन्मभर सांभाळल्या, तो माणूस उतारवयात मिनिटं मोजू लागला, तर त्याला काय बोलणार?

मोजतात तीही हवेतली. लेंड्रा पार्कात कुणी दोन गावांची नावं घ्यायचा अवकाश, काकांचं बोट मोबाइलवर सरळ रेघ ओढतं. मध्ये डोंगर नाही, रेल्वे फाटक नाही, टोलनाका नाही. १९४९ ची रात्रीची हवाई टपालसेवा तर ते घरच्या कार्यासारखी सांगतात. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही विमानं मध्यरात्री आमच्या सोनेगावला यायची, थैल्या बदलून परत फिरायची! तेव्हा काकांचा जन्मही झाला नव्हता.

परवा शेजारच्या वहिनी भाचीच्या स्थळाचं सांगायला आल्या. मुलगी गोंदियाची, मुलगा अमरावतीचा. पगार, पत्रिका बाजूलाच राहिलं.

"बिरसी ते बेलोरा पावणेतीनशे किलोमीटर. एटीआर ताशी पाचशेनं. तेहेतीस मिनिटं! हे काय सासर झालं?"

"पण विमान आहे का, भाऊजी?"

हा प्रश्न काकांना नेहमीच गौण वाटत आलाय. विमानतळ दोन्हीकडे आहेत ना? डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोनं बिरसीहून हैदराबाद गाठलं, १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून अलायन्स एअर मुंबईला सुरू झालं. म्हणजे हैदराबाद आणि मुंबई मध्ये घातली की झालं! अंतर सोळाशे किलोमीटरच्या वर. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"विदर्भ एक्स्प्रेस गोंदियातूनच सुटते," काकू आतून म्हणाल्या. "बडनेऱ्याला उतरा. बेलोरा तिथून जवळच."

"आणि गाडी नागपूरला किती वेळ थांबते, ते कोण धरणार?"

हे विचारणारे काका पुण्याच्या सव्वा-दीड तासाच्या विमानासाठी घरातून चार तास आधी निघतात. सोनेगाव किती दूर? रिक्षावाला बोहनी करून परत येईल इतकंच. पण तो वेळ काका प्रवासात धरत नाहीत. प्रवास म्हणजे चाकं उचलली ते चाकं टेकली. बाकीचं सगळं त्यांच्या लेखी बसणं.

साखरपुड्याला अर्थातच सगळे विदर्भ एक्स्प्रेसनं निघालो. वर्ध्याला काकांनी घड्याळ पाहिलं.

"वरून आलो असतो तर केव्हाच उतरलो असतो."

समोरच्या आजोबांनी खर्रा गालात सरकवला. "आन् मंग का केलं असतं जी? मुहूर्त त उद्याचाच हाय न."