ठसक्याचे दोन पक्ष

नंदुरबारात खरे पक्ष दोनच, पथारीवाले आणि ठसकेवाले, बाकीचे निवडणुकीपुरते. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढली की शहराच्या कडेच्या, मिरची वाळवायच्या पथाऱ्या लालेलाल होतात. तोंडाला फडकं बांधून बायका देठ खुडत बसतात आणि वारा फिरला की शेजारच्या कॉलनीत शिंकांची माळ लागते. मग मागणी येते : पथाऱ्या लांब हलवा. मागणी गैर नाही. पण 1998 साली जिल्हा झाला, शहर पसरत गेलं, मोकळ्या माळावर प्लॉट पडले. खरेदीखतावर सही करताना समोर वाळणारी मिरची कुणालाच दिसली नाही? आधी आलो म्हणून इतरांच्या नाकात तिखट घालायचा हक्क मिळत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो व्यापाऱ्यांनी ऐकावा. गंमत एवढीच, की दिवसभर त्या ढिगाशी बसणाऱ्या मजुराचा ठसका दोन्ही पक्षांच्या हिशेबात नाही.

छताखाली मिरची वाळवली तर तिघांचंही भागेल, शिवाय अवकाळी पावसात माल भिजणार नाही. खर्च कुणी करायचा? यावर मात्र दोन्ही पक्षांचं दुर्मिळ एकमत आहे : सरकारने.